मागं सवारी हाये

सेलूत 'लहानू थूल कुठे राहतात?' असं विचारलंत तर लोक विचारात पडतील. 'हिंगणी गाडीचे लहानूकाका' म्हणालात तर तीन माणसं एकदम पत्ता सांगतील आणि चौथं तुमच्या मोटरसायकलवर मागे बसून दारापर्यंत पोचवायला येईल. वर्धा-हिंगणी, हिंगणी-वर्धा, मधे सेलू. एकतीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग या माणसाच्या हातात होतं. एवढ्या वर्षांत एकही अपघात नाही, याचं प्रमाणपत्र त्यांच्या समोरच्या खोलीत भिंतीवर आहे. पण तालुक्यानं त्यांना दिलेलं प्रमाणपत्र निराळं होतं. पोटुशी लेक माहेरी आणायची असली की घरचे लोक आधी विचारायचे, "आज गाडीवर लहानू हाये का?" नसला, तर लेक उद्या. हिंगणीच्या एक आजी मांडीवर दह्याचं गाडगं घेऊन वर्ध्याला निघत, आणि वर्ध्याला दही जसं लावलं होतं तसं उतरे. त्या काळातला हिंगणीचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना या दह्याची थोरवी कळेल.

काका ब्रेक दाबत नसत, ब्रेकला विनंती करत. गतिरोधक आला की आधी पुढची चाकं, मग प्रवासी, मग टपावरच्या सायकली, असे सगळे एकेक करून, रांगेनं, कुणाला धक्का न लावता पलीकडे उतरत.

अशा माणसानं साठाव्या वर्षी विमान उलटं करायला शिकायचं ठरवलं.

आता हे ठरवण्यात गुंजनचा मोठा हात होता. गुंजन म्हणजे सेलूच्या कापड दुकानवाल्या सदाशिवराव पालतेवारांची मुलगी. कॉलेजची तीन वर्षं ती रोज सकाळी काकांच्या गाडीनं वर्ध्याला गेली, आणि बहुतेक वेळ झोपून गेली. पुढे ती वैमानिक झाली, मोठाली प्रवासी विमानं उडवायला लागली. पण तिचा खरा जीव छोट्या विमानांत. आकाशात गिरक्या घ्यायच्या, गोल फिरायचं, सुळकन खाली यायचं, परत वर जायचं. गेल्या वर्षी तिनं लांब सुट्टी काढली, तीन-चार मित्र जमवले आणि सेलूपासून सातेक किलोमीटरवरच्या जुन्या धावपट्टीवर या कसरती शिकवायचा एका हिवाळ्यापुरता क्लब काढला. ही पट्टी म्हणे कोणे एके काळी कपाशीवर फवारणी करणाऱ्या विमानासाठी केली होती. मधली वर्षं तिच्यावर तुरी वाळल्या.

क्लबात विमान एकच. दोन माणसांचं, पांढरं, पोटावर लाल पट्टे, पंख डोक्यावर, आणि आत एकामागे एक अशा दोन सीटा. वर छताला काच, म्हणजे उलटं झाल्यावर जमीन दिसावी. शिकणारी पोरं मोठ्या शहरांतून यायची. पाण्याचा टँकर आणि जीप चालवायला माणूस हवा होता, म्हणून गुंजननं काकांना बोलावून घेतलं.

आठवडाभर काका टँकर लावून, कंबरेवर हात ठेवून वर पाहत राहिले. आठव्या दिवशी गुंजन म्हणाली, "काका, बसता का?"

"मी?"

"तीन वर्सं तुमी मले नेलं-आणलं. एक चक्कर माह्याकडून."

काकांनी विमानाभोवती एक फेरी मारली. चाकं दाबून पाहिली, पंख हलवून पाहिला, खाली वाकून कुठे तेल गळतंय का ते पाहिलं. गुंजन सांगते, शिकायला येणाऱ्यांना ही तपासणी शिकवायला तिला दोन दिवस लागतात, काकांना ती पोटातूनच येत होती. मग ती म्हणाली, खिसे रिकामे करा, कारण उलटं झाल्यावर खिशातलं सगळं तोंडावर येतं. काकांनी कंगवा काढला, चष्म्याचं घर काढलं, किल्ल्या काढल्या, एसटीचा जुना बिल्ला काढला. तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र नाही काढला. खर्रा सोडल्याचं त्यांनी घरी चार वर्षांपूर्वीच जाहीर केलं होतं, त्यामुळे तो खिशात नव्हताच. तो पायमोज्यात होता.

पुढच्या सीटवर काका, मागे गुंजन, दोघांच्याही हाताशी दांडा, पायाशी पेडलं. पंखा फिरला. वाऱ्याची दिशा पाहून झाली. गुंजन म्हणाली, "चला काका, सोडा."

काही झालं नाही.

"काका, सोडा न."

काका ढिम्म. पुढे सरळ पाहत बसलेले. गुंजनला वाटलं, माणूस घाबरला. तेवढ्यात काका मान न वळवता म्हणाले, "डबल बेल नाई झाली."

एकतीस वर्षं कंडक्टरनं दोन वेळा घंटी दिल्याशिवाय ज्यानं गाडी इंचभर हलवली नाही, त्याला नुसत्या 'चला' म्हणण्यावर कसं हलता येईल? गुंजननं मागून तोंडानं "टिंग टिंग" केलं आणि काकांनी विमान सोडलं.

त्या दिवशी गुंजननं वर नेऊन एक गिरकी घेऊन दाखवली. झोपेत माणूस कूस बदलतो तशी विमानानं कूस बदलली, पालथं झालं, आणि पुढच्या क्षणी सरळ. गुंजननं विचारलं, "ठीक हाये न?" काका म्हणाले, "एकडाव अजून कर." तिनं केली. या वेळी काका हसायला लागले. साठ वर्षांचा माणूस विमानात पालथा टांगून खदाखदा हसतोय, हे तिनं यापूर्वी पाहिलं नव्हतं. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "एवढं काऊन हसले काका?"

"अवं, हिंगणीचा रस्ता दिसला मले. डोक्यावर. एकतीस वर्सं त्या रस्त्याच्या खड्ड्याईनं मले खालून मारलं. आज तो वरतं होता, काई करू नाई शकला."

इथून सुरुवात झाली. डॉक्टरांच्या तपासण्या झाल्या, कागद झाले, काका रीतसर शिकाऊ झाले. टँकरचं काम सकाळी लवकर आटपायचं आणि शहरातली पोरं नाश्त्याला बसली की अर्धा तास काकांचा.

काकांची पहिली अडचण होती डावा पाय. माणूस जन्मभर क्लच दाबत आला, की काहीही बदलायचं म्हटलं तरी डावा पाय आधी खाली जातो. विमानात डावं पेडल दाबलं की नाक डावीकडे जातं. काका इंजिनाचा जोर वाढवायचे, तेव्हा विमान डावीकडे पाही. जोर कमी करायचे, तेव्हा विमान डावीकडे पाही. पहिले पंधरा दिवस सेलू तालुक्याच्या डाव्या बाजूची फार बारकाईनं पाहणी झाली. बोर धरण, केळझरची टेकडी, समृद्धी महामार्गाची सरळ पट्टी, गहू-चण्याचे तुकडे, सगळं आधी काकांच्या डाव्या पायानं पाहिलं आणि मग काकांनी.

सेलूच्या स्टँडसमोरच्या टपरीवर अर्थातच हा विषय गाजत होता. काकांचा जुना कंडक्टर तानबा तिथं रोज बसायचा. तो म्हणाला, "लहानू, कंडक्टर लागला तं सांगजो बाप्पा. कोनाले उलटी होनार हाये थे मी चेहरा पाहून सांगतो. आदीच खिडकीपाशी बसवतो."

"खिडकी उघडत नाई तिथं."

"मंग त नाई येत मी."

मुलगा अंकित पुण्याला नोकरीत. त्याचा फोन आला, "बाबा, लोक साठीनंतर योगा करतात."

"मी बी शीर्षासनच करून राह्यलो न. थोडं उंचावर करतो, बस."

घरात सरिताकाकू होत्या. काकू अंगणवाडी सेविका. तीस वर्षांत सेलूतल्या अर्ध्या पोरांची नाकं त्यांनी पुसली असतील. काकूंनी 'जाऊ नका' असं एकदाही म्हटलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मी येनार नाई पाहाले. तुमी घरी आले का सांगजा." आणि रोज काका घरी आल्यावर त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघून, सगळा माणूस परत आला आहे याची खात्री करून, मग चहा ठेवत.

डिसेंबरअखेर काकांचा पाय वळणावर आला. जानेवारीत गिरकी जमली, आणि अशी जमली की गुंजननं शहरातल्या पोरांना विमानाबाहेर उभं करून दाखवली. गिरकीला हात मऊ लागतो, आणि मऊ हातात तर काकांच्या तोडीचा माणूस विदर्भात नव्हता. मग गुंजन म्हणाली, "काका, आता लूप."

लूप म्हणजे आकाशात उभं वर्तुळ. आधी नाक खाली करून वेग घ्यायचा, मग दांडा आपल्याकडे ओढायचा. विमान वर चढतं, चढत चढत पाठीवर जातं, माथ्यावर पूर्ण उलटं होतं, आणि ओढतच राहिलं की पलीकडून खाली येऊन सरळ होतं. सगळा खेळ ओढण्यात आहे. मधे हात ढिला पडला, की विमान वर जाऊन दमतं, लोंबकळतं आणि एका अंगावर पडतं.

काकांचा हात ढिला पडला.

पहिल्या दिवशी पडला, त्यात काही विशेष नाही. विमान माथ्याच्या जरा अलीकडे लोंबकळलं, सगळं हलकं झालं, आणि पायमोज्यातली खर्ऱ्याची पुडी सावकाश वर येत काकांच्या नाकासमोरून तरंगत मागे गुंजनकडे गेली. गुंजननं एका हातानं विमान सांभाळलं आणि दुसऱ्या हातानं पुडी पकडली. खाली आल्यावर ती पुडी काकांच्या हातात न देता जीपमधून थेट सरिताकाकूंकडे पोचली. त्या संध्याकाळचा चहा झाला नाही.

पण दुसऱ्या दिवशीही हात ढिला पडला. आणि तिसऱ्या. वेग बरोबर, सुरुवात बरोबर, चढताना ठीक. माथा जवळ आला की हात आपोआप सुटायचा. अकरा वेळा विमान त्याच जागी लोंबकळलं आणि अकरा वेळा गुंजननं ते मागून आपल्या हातात घेतलं.

"काका, वर गेल्यावर हात ढिला काऊन करता?"

काका म्हणाले, "मागं सवारी हाये."

"कोन सवारी?"

"तू."

"अवो काका, मी शिकवनारी हाओ! मले काय होते?"

"तुले काई होत नसंन. पन मागं बसलं थे सवारीच राह्यते पोरी. एवढा जोर लावला तं मागच्या मानसाचं काय होत असंन, हे मनात येते अन् हात सुटते."

गुंजननं समजावून सांगितलं. आकृत्या काढल्या. कागदाचं विमान गोल फिरवून दाखवलं. काकांना सगळं पटलं. काकांच्या हाताला पटलं नाही. एकतीस वर्षं त्या हातांनी एकच गोष्ट शिकली होती: मागच्या माणसाला धक्का लागू द्यायचा नाही.

फेब्रुवारी संपत आला. पळस फुलायला लागला, दुपारी पट्टीवरून गरम हवा उठायला लागली, आणि चार मार्चला क्लब आवरायचं ठरलं. गुंजनची सुट्टी संपत होती. विमान पाच तारखेला दुसऱ्या राज्यात जाणार होतं, कायमचं. म्हणजे काकांच्या हाती मोजक्याच सकाळी उरल्या होत्या.

एवढं झालं तर झालं, नाही तर नाही, असं कोणीही म्हणेल. तानबा म्हणालाही, "गिरकी आली न बाप्पा तुले? सेलूत दुसऱ्या कोनाले येते?" पण काकांचं जेवण कमी झालं. सरिताकाकूंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी, एक मार्चला, दिवेलागणीला ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलता सोलता विचारलं, "एवढं काय हाये त्या गोल चक्करमदी?"

काकांनी हातातली शेंग सुपात टाकली. मग जे बोलले ते त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तुले माह्या पायाचं मालूम हाये."

काकूंना ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून काकांचा उजवा पाय झोपेत मधूनच ताठ होतो आणि पलंगाच्या कडेला दाणकन बसतो. काकूंनी तिथं जुनी गोधडी बांधून ठेवली आहे. रिटायर झाल्यावर थांबेल असं दोघांना वाटलं होतं. थांबलं नव्हतं.

"थे ब्रेक असते," काका म्हणाले. "सपनात गाडी उलटते. भरून असते, पोरं, बाया, सारे. हिंगणीच्या पुलापाशी गाडी कलते, उलटते, अन् उलटली का मले जाग येते. रोज तेवढ्यावरच. मंग लोकाईचं काय झालं थे मले कदी समजतच नाई. एकतीस वर्सं झाले, सरिता, माही गाडी उलटीच हाये. मले एकडाव आपल्या हातानं उलटी नेऊन आपल्या हातानं सिद्दी करून पाहाची हाये. पन तिथं बी नेमकी मधातच सुटते."

सूप उचलून काकूंनी शेंगा पाखडल्या, फोलं उडवली. मग अंगणवाडीतल्या पोराला पाजण्याआधी औषध चमच्यात मोजून घ्यावं, तसं मोजून विचारलं, "गुंजन मागं बसते न?"

"हाव."

"दिसते का तुमाले?"

"कशी दिसंन? आरसा नाई त्याच्यात."

"तं मंग!" काकूंनी सूप खाली ठेवलं. "मी स्कूटरवर मागं बसली का तुमची स्कूटर वीसच्या वर जात नाई. मागून सायकलवाले घंटी मारतेत. अन् अंकित लहान होता, समोर उभा राहे, तवा चाळीसनं नेत होते त्याले. काऊन? दिसत होता न थो तुमाले. हसून राह्यला का रडून राह्यला थे समजत होतं. एसटीत बी डोक्यावर आरसा होता. तुमाले मागचं मानूस दिसलं नाई का तुमी त्याचा जीव जाऊन राह्यला असंच समजता. त्या पोरीले समोर बसवा."

"समोर मी असतो."

"तं तुमी मागं बसा! मी का सांगू तुमाले विमान?"

अकरा आकृत्या काढून गुंजनला जे सापडलं नव्हतं ते असं शेंगा सोलता सोलता निघालं. गुंजननं ऐकलं तेव्हा ती आधी हसली आणि मग हसायची थांबली. मागच्या सीटवरून विमान उडवता येतंच, ती स्वतः रोज उडवत होती. वेग-उंची दाखवणारी घड्याळं तेवढी सगळी पुढे होती, पण वेग किती झाला हे तिला पुढून ओरडून सांगता आलं असतं. तिनं काकांना दोन सकाळी मागे बसवून नुसतं सरळ उडवायला लावलं. दोन सकाळी त्यातच गेल्या. उरली चार मार्च.

त्या सकाळी जीपमध्ये काकांच्या बाजूला सरिताकाकू बसलेल्या होत्या. काकांनी कारण विचारलं नाही. काकूंनीच सांगितलं, "अंगणवाडीले सुट्टी घेतली. तसंबी पोराईचे हगवणीचे दिवस नाईत सध्या." पट्टीच्या कडेच्या निंबाखाली त्यांनी सतरंजी टाकली, डबा ठेवला आणि बसल्या.

विमान वर गेलं. साडेतीन हजार फुटांवर सकाळ अजून गार होती. काका मागे, आणि त्यांच्यासमोर हातभर अंतरावर गुंजनचं डोकं, आणि पाठीवर तिची वेणी. गुंजनची वेणी लांब, तिच्या आजीच्या हट्टामुळे कधी कापली न गेलेली. उडताना ती नेहमी जॅकेटमध्ये खोचायची. आज गडबडीत राहून गेली होती.

"वेग घ्या काका! एकशे वीस... एकशे तीस... एकशे चाळीस! ओढा!"

काकांनी ओढलं. नाक वर आलं, जमीन खाली गेली, समोर नुसतं निळं. अंग सीटमध्ये दाबलं गेलं. आणि माथा जवळ आला तसा जन्मभराच्या सवयीनं काकांचा हात मऊ पडला.

गुंजनची वेणी उठली.

पाठीवरून ती आधी हलकीच सुटली, मग सरळ वर आली आणि छताच्या काचेला जाऊन टेकली. गुंजनचे खांदेही सीटपासून सुटले. ती नुसती पट्ट्यांवर लोंबत होती, तोल सावरायला तिनं दोन्ही हात छताला लावले होते. काकांनी हे सगळं पाहिलं. पुढच्या क्षणी विमान एका अंगावर कललं आणि घसरलं.

या वेळी गुंजननं दांडा घेतला नाही. काकांनीच ते सरळ केलं.

"पोरी," काका म्हणाले, "मी हात सोडला का तू असी टांगून राह्यते?"

"हाव काका."

"दरवेळी?"

"दरवेळी."

"अन् ओढून धरलं तं?"

"तं मी खुर्चीत बसून राह्यतो. उलटी असली तरी. काईच होत नाई, काका. कप असता हातात तं चहा बी सांडला नसता."

म्हणजे अकरा वेळा काकांनी ज्या पोरीला धक्का लागू नये म्हणून हात सोडला होता, तिला अकरा वेळा त्यांनीच टांगून ठेवलं होतं. आकृतीत हे होतं. पण आकृतीला वेणी नव्हती.

"अजून एकडाव जातो," काका म्हणाले.

या वेळी काकांनी क्षितिजाकडे पाहिलं नाही, पंखाच्या टोकाकडे पाहिलं नाही, जे पाहा म्हणून तीन महिने सांगितलं होतं त्यातलं काहीही पाहिलं नाही. त्यांनी वेणी पाहिली. वेग आला, त्यांनी ओढलं. नाक वर गेलं, निळं आलं. हात मऊ पडायला लागला, वेणीचं टोक जरासं थरथरलं, आणि काकांनी हात घट्ट केला. धक्का देऊन नाही. हिंगणीच्या चढावर भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर नेताना करत तसा, न सोडता. वेणी परत पाठीवर बसली. छताच्या काचेत आता जमीन होती. पळसाचे लाल ठिपके, हिंगणीचा रस्ता, त्याच्यावरून चाललेली एक एसटी, मुंगीएवढी, सरळ. विमान पूर्ण उलटं होतं. आणि गुंजन आपल्या सीटवर, कॉलेजला जाताना बसायची तशी, आरामात टेकून बसली होती.

काकांनी ओढून धरलं. जमीन छतातून पुढे आली, पुढून खाली गेली, क्षितिज आडवं झालं. वेणी जागची हलली नव्हती.

"काका!" गुंजन ओरडली. "झाला! काका, झाला न!"

तिनं मान वळवून पाहिलं. काका दांडा धरून समोर बघत होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ते वाऱ्यानं म्हणावं तर वारा आत येत नव्हता.

"पेट्रोल हाये अजून काका. करता एक?"

"नाई," काका म्हणाले. "आता तू कर. मी पाहातो." आणि त्यांनी दांडा सोडला, हात मांडीवर ठेवले आणि टेकून बसले. गुंजननं एकामागे एक तीन लूप घेतले. पहिल्यात काकांनी छतातून जमीन पाहिली, दुसऱ्यातही जमीनच पाहिली, आणि तिसऱ्यात डोळे मिटून घेतले. कॉलेजची ती पोरगी त्यांच्या गाडीत काऊन झोपून जात होती, ते त्यांना समजलं.

खाली आल्यावर ते निंबाकडे चालत गेले. काकूंनी सतरंजीवरूनच वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घेतलं. सगळा माणूस होता.

"पयला मोडला तवा मी डोये मिटले," काकू म्हणाल्या. "मंग उघडले. त्याच्यानंतर चार झाले. त्यातला पयला तुमचा न?"

काका चकित झाले. "कसं वळखलं?"

"बाकीचे तीन एकसारखे होते, साच्यातून काढल्यावानी. थो लांबट होता. खाली बी जरा दबला होता."

"हाव," काकांनी मान्य केलं. "लांबट झाला असंन."

काकूंनी डबा उघडला, भाकरीवर झुणका वाढला आणि तो त्यांच्या हातात देताना म्हणाल्या, "पन मधात सुटला नाई."